पाचवा रकाना

सोलापुरात माझी सख्खी थोरली बहीण राहत होती आणि मी उतरलो होतो हॉटेलात. आमच्या मंगळवेढ्याकडे कुणी एवढं एक वाक्य ऐकलं असतं तर पुढचं काही न विचारता मला नावं ठेवली असती. ठेवायलाच हवी होती. पण माणूस रागात असला की नावं ठेवणारे सगळे त्याला मूर्ख वाटतात, आणि मी तेव्हा सात वर्षं रागात होतो.

साल चौतीस, श्रावणाची सुरुवात. मी नुकताच मास्तरकी संपवून पेन्शनीत निघालो होतो आणि माझ्याबरोबर माझे दातही निघाले होते. एकेक करून सगळे. ज्या तोंडानं पस्तीस वर्षं पोरांकडून पाढे घोकून घेतले, त्या तोंडाचं पार बोळकं झालं होतं. त्रेसष्ट म्हणायला गेलो की नुसती हवा जायची. सोलापुरात नव्या पेठेत एक दंतवैद्य कवळी बसवून देतो असं कळलं. आज माप द्यायचं आणि चौथ्या दिवशी कवळी न्यायची. म्हणजे तीन-चार दिवस राहणं आलं.

"वन्संकडं उतरा," बायको म्हणाली.

मी उठून जोडे पुसायला लागलो. ती माझी वळकटी बांधायला बसली. एरवी दोन मिनिटांच्या त्या कामाला तिला त्या दिवशी बराच वेळ लागला.

भीमेला पाणी होतं. बेगमपूरला मोटारीतून उतरायचं, नावेनं पलीकडं जायचं आणि तिथून दुसरी मोटार धरायची. सोलापूर येईतो दुपार झाली. दंतवैद्याकडे मेणाचा गोळा चावून माप दिलं आणि स्टेशनच्या रस्त्याला 'भीमाशंकर लॉजिंग-बोर्डिंग' अशी पाटी दिसली तिथं शिरलो. दुमजली मातीचं घर होतं. वर सात खोल्या, खाली स्वयंपाकघर आणि पुढं ओसरी. ओसरीत एका बैठ्या मेजामागं मालक भीमाशंकर बसलेला. इतका शांत माणूस मी जन्मात पाहिला नाही. पावसात उभा केला असता तरी कुणी सांगितल्याशिवाय छत्री उघडली नसती त्यानं.

त्यानं माझ्यापुढं रजिस्टर सरकवलं. नाव, गाव, धंदा आणि येण्याचं कारण हे चार रकाने पोलिसांसाठी छापलेले होते. त्यांच्या पुढं तांबड्या शाईनं हातानं रेघ मारून पाचवा रकाना केला होता. वर लिहिलं होतं, 'गावात ओळख'.

"हा कशाला?" मी विचारलं.

"त्यो हिचा हाय," म्हणून त्यानं अंगठ्यानं आत स्वयंपाकघराकडं दाखवलं.

आतून त्याची बायको काशम्मा आली. उंच, दणकट बाई. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, कोपरापर्यंत ज्वारीचं पीठ.

"बर्री, या," ती म्हणाली. "सोलापुरात सोयरंधायरं हाय का कोण तुमचं, मास्तर?"

"असलं तर?"

"असलं तर खोली न्हाय. आपलं मानूस गावात असताना हितं उतरनारा एकतर भांडून आलेला आसतो न्हाईतर भांडायला आलेला. पयल्या वर्षी एकजण ऱ्हायला. त्याचा भाऊ दारात येऊन मलाच शिव्या देऊन गेला, माझा भाऊ पळवलास म्हनून. तवापास्नं इचारून घेते. माझं हाटेल परक्या मानसांसाठी हाय, रुसलेल्यांसाठी न्हाय."

मी टाक उचलला आणि पाचव्या रकान्यात लिहिलं, 'कोणी नाही'. माझं अक्षर मुळात वळणदार. त्या रकान्यात ते जरा जास्तच वळणदार आलं.

खोली वरची, रस्त्याकडची मिळाली. काथ्याची बाज, कोपऱ्यात पाण्याची घागर, भिंतीत एक खुंटी आणि कोनाड्यात कंदील. खिडकीला गज नव्हते, पण काशम्माच्या घरात चोर शिरला असता तर त्याचीच कीव आली असती. मी वळकटी सोडली. आत, धोतरजोडीच्या घडीत, एक हिरवा खण निघाला. नवा, नारळी काठाचा. बायकोनं घातला होता. मग आठवलं, तीन दिवसांवर पंचमी. पंचमीला भावानं बहिणीकडं रिकाम्या हातानं जाऊ नये. मी तो खण परत घडीत कोंबला आणि वळकटी पायथ्याशी ढकलली.

आता रागाचं कारण सांगायला हवं. सात वर्षांपूर्वी माझ्या भाचीचं, गोजरचं, लग्न झालं. मी तिचा सख्खा आणि एकटा मामा. मामानं मुलीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं आणि मंगलाष्टकं होईतो तिच्या पाठीशी उभं राहायचं, ही आपली रीत. मी बायकोला हळदीला पुढं धाडलं होतं, कारण त्या आठवड्यात शाळेची तपासणी होती. लग्नाच्या दिवशी निघालो. बेगमपूरला नदीच्या वाळूत मोटार रुतली. सगळ्या उतारूंनी ढकलली, तरी तास गेला. मांडवात पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि गोजरच्या पाठीशी शेजारचा विरुपाक्ष उभा होता. तिचा तो काहीच लागत नव्हता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मानाचा फेटा पुढं आला तो मी तसाच ताटात ठेवला आणि भरल्या मांडवात म्हणालो, "या घराचा उंबरा मी पुन्हा ओलांडणार नाही." न जेवता परत फिरलो. बहीण मांडवाच्या दारापर्यंत मागं आली. मेव्हणे आबासाहेबांनी नुसतं घड्याळ बघितलं. ते गिरणीत टाइमकीपर होते, हजारभर माणसांची येण्याजाण्याची वेळ टिपणारे. मुहूर्त कुणासाठी थांबत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? पण मला वाटलं, माझ्यासाठी थांबायला हवा होता.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा तर सुंभही जळला नव्हता.

पहिल्या रात्रीचं जेवण समोर आलं आणि मी काशम्माकडं नुसता बघत राहिलो. पापडासारखी कडकडीत वाळवलेली ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी. साऱ्या सोलापूरला जिचा अभिमान ती भाकरी, आणि माझ्या तोंडात एक दात नाही. चणे आहेत तर दात नाहीत, ते असं. तिनं माझ्या गालांचे खळगे बघितले. ताट उचललं आणि वाटीभर हुलग्याचं गरम माडगं आणून ठेवलं.

"आदी सांगायचं न्हाय व्हय, मास्तर? तोंड बंद ठेवून कुटं पोट भरतं?"

माडगं चांगलं होतं. पिता पिता मला भलतीच आठवण झाली. मी दीड वर्षाचा असताना आई गेली. आक्का, म्हणजे ही थोरली बहीण, तेव्हा नऊ वर्षांची. ती दुधात भाकरी कुस्करून, बोटानं अगदी लगदा करून मला भरवायची, असं गावातल्या म्हाताऱ्या सांगायच्या. दात नसण्याची ही माझी दुसरी खेप होती. पहिल्या खेपेला कुणी भरवलं हे मी विसरलो नव्हतो. पण आठवण आली म्हणून राग गेला, असं माझ्या बाबतीत होत नाही. उलट राग वाढतो.

दुसऱ्या दिवशी मला काही काम नव्हतं. रिकामा मास्तर म्हणजे मोकाट बैल. तळ्याकडं जाऊन सिद्धेश्वराचं दर्शन घेतलं, बाजारात दोन पाट्या वाचून त्यांतल्या चुका मनात दुरुस्त केल्या, आणि मग पाय आपोआप गिरणीच्या बाजूला वळले. तोंडाचं बोळकं दिसू नये म्हणून मी उपरणं नाकापर्यंत गुंडाळलं होतं. आक्काच्या बोळाच्या कोपऱ्यावर एक पिंपळ आहे. त्याच्या आड उभा राहिलो.

ती दारात बसून ज्वारी पाखडत होती. केस पार पांढरे झाले होते. सात वर्षांपूर्वी नुसते कानाशी होते. सूप हलवताना मधेच थांबून ती पाठीला हात लावायची, मग पुन्हा पाखडायची. पंचमीच्या लाह्यांसाठीच असणार ती ज्वारी. मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. गिरणीचा भोंगा झाला तसा दचकलो आणि चोरासारखा परत फिरलो. हॉटेलात आल्यावर फार वाईट वाटलं. कशाचं, ते मी स्वतःला विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून काशम्माच्या घरात गडबड होती. चुलीवर लाह्या तडतडत होत्या आणि परातीत तंबिटाचे लाडू वळले जात होते. उद्या पंचमीला तिचा भाऊ वीरभद्रप्पा तिला न्यायला अक्कलकोटाहून येणार होता.

"उद्यापास्नं दोन दिस चूल बंद, मास्तर," ती म्हणाली. "मालक तुमाला दूध-केळी देतील. माझा भाऊ न्यायला आला की मी देवाचंबी ऐकत न्हाय."

दुपारी मी ओसरीत खांबाला टेकून माडगं पीत बसलो होतो. भीमाशंकर मेजामागं डुलक्या घेत होता. तेवढ्यात एक म्हातारी पायऱ्या चढून आली. काखेत वळकटी, हातात पाण्याचा तांब्या. मी वाटी खाली ठेवली.  आक्का होती.

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ मेजापुढं गेली.

"खोली पायजे," ती म्हणाली.

भीमाशंकर जागा झाला. "कुनाला?"

"मला. आजचा दिस आन् उद्याचा."

त्या काळी एकटी बाई हॉटेलात खोली मागते, हे त्या शांत माणसालाही झेपलं नाही. त्यानं आत हाक मारली. काशम्मा लाडवाचे हात घेऊन आली आणि आक्काला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाली, "गाव कुटलं, बाई?"

"हितलंच. सोलापूर. गिरनीच्या मागं ऱ्हाते."

"आन् घर?"

"घर हाय. मालक हायेत. चार भांडी हायेत."

"मग हितं कशाला?"

"आज चतुर्थी," आक्का म्हणाली. "भावाचा उपास. सात वर्सं धरते, आन् सात वर्सं त्याचं तोंड बघायला मिळत न्हाय. त्यानं शपत घेतलीया, माझ्या घराचा उंबरा वलांडायचा न्हाय. भरल्या मांडवात घेतलेली शपत, ती मी कशाला मोडायला लावू? म्हनून म्हनलं, त्यो जितं उतरतो तितं आपनच जाऊन उतरावं. ह्यो उंबरा तर त्यानं वलांडलाय."

काशम्मानं ओसरीत बघितलं. तिथं मी सोडून कुणी नव्हतं. पण ती बाई मोठी पक्की. माझ्याकडं बोट न करता ती आक्काला म्हणाली, "नेम म्हंजे नेम, बाई. पाचवा रकाना भरल्याबिगर खोली देत न्हाय. गावात वळख हाय का कोन?"

"हितं मंगळवेढ्याचा कुनी मास्तर उतरलाय न्हवं?" आक्का म्हणाली. "त्यानं काय लिवलंय त्ये बघा. त्याचं जे आसंल त्येच माझं लिवा."

भीमाशंकरनं पान उलटलं, रेघेवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं, "कोणी नाही."

 आक्कानं काखेतली वळकटी खाली ठेवली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मग तसंच लिवा. कोनी न्हाय."

मी आयुष्यात पुष्कळ पोरांना छड्या मारल्या आहेत. छडी बसल्यावर पोराच्या तोंडावर काय येतं ते मला पाठ आहे. त्या वेळी ते माझ्या तोंडावर आलं असणार. मला इतकी लाज वाटली की राग कुठं गेला ते कळलंही नाही. भीमाशंकरनं टाक शाईत बुडवला होता. मी उठलो, मेजापाशी गेलो आणि त्याच्या हातातून टाक घेतला. माझ्या रेघेवरचे ते दोन वळणदार शब्द खोडले. वर जागा कमी होती म्हणून बारीक अक्षरात लिहिलं, 'सख्खी थोरली बहीण'. दाटीवाटीत अक्षर वाईट आलं. पोरानं असं लिहिलं असतं तर मी पाटी पुसायला लावली असती.

"काय लिवलं? वाचा की," काशम्मा नवऱ्याला म्हणाली. तिला अक्षरओळख नव्हती.

भीमाशंकरनं वाचलं.

"आस्सं," काशम्मा कमरेवर हात ठेवून म्हणाली. "मग मास्तर, तुमाला खोली न्हाय. आन् बाई, तुमालाबी न्हाय. दोगंबी निगा. उद्या माझा भाऊ येनार हाय. बहीन गावात असताना एक मानूस पंचमीला हितं मोडक्या बाजंवर लोळतोय, ह्ये बघितलं तर त्यो मला काय म्हनंल?"

ती स्वतः वर गेली आणि माझी वळकटी बांधून घेऊन आली. हिरवा खण तिनं आत घातला नव्हता. वर, दोरीखाली, सगळ्यांना दिसेल असा खोचला होता. आक्काच्या पदरात तिनं चार तंबिटाचे लाडू घातले. "उपास सुटल्यावर खावा," म्हणाली.

मी दोन्ही वळकट्या उचलल्या. आक्का तांब्या घेऊन पुढं आणि मी मागं. स्टेशनचा रस्ता मागं पडला.

"कुणी सांगितलं मी त्या हाटेलात हाय म्हणून?" शेवटी मी विचारलं.

"काल पिंपळाआड कोन हुबा हुता? तोंड झाकलंस म्हनून चाल लपती व्हय? शेजारच्या दगडाबाईला तुज्या मागं लावली. ती हाटेल बघून आली."

"मग कालच का नाही आलीस?"

"काल उपास न्हवता. आज माझा हक्क हुता."

गिरणीची भिंत लागली. आता बोळ दोन वळणांवर राहिला. माझ्याकडं सात वर्षं दडवलेली एक गोष्ट होती. ती मी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. उंबऱ्याच्या अलीकडं ती बोलायलाच हवी होती.

"आक्का," मी म्हणालो, "मोटार वाळूत रुतली ती दुसरी. लग्नाच्या दिवशी सकाळी सहाची पहिली मोटार होती. ती मी सोडली. तपासणी आदल्या दिवशीच संपली होती. तरी म्हटलं, हजेरी घेतल्याशिवाय शाळा कशी सोडू? हजेरीपत्रक भरत बसलो. पोरं यायची होती म्हणून थांबलो, आन् तुझ्या दारात उशीर केला. चूक माझीच होती. तुमच्यावर ओरडलो."

ती चालायची थांबली नाही.

"ठावं हाय," ती म्हणाली.

"कसं?"

"पयल्या मोटारीला मी गेले हुते न्हवं अड्ड्यावर. तुला आनायला. ड्रायव्हरला इचारलं, मास्तर कुटं? त्यो म्हनला, शाळंत बसल्यात, येत न्हाय म्हनले. मग दुसऱ्या मोटारीची वाट बघत हुबी ऱ्हायले. हिकडं मांडवात नवरीची आय कुटं गेली म्हनून बोंब. मुहूर्ताला दहा मिन्टं हुती तवा ह्यांनी मला दंडाला धरून आनली."

मी रस्त्यात उभाच राहिलो. पोरीच्या लग्नाच्या दिवशी, मांडव सोडून, आई मोटारअड्ड्यावर उभी. वैशाखाच्या उन्हात. माझ्यासाठी. आणि सात वर्षांत तिनं हे कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर चूक माझी ठरली असती.

"चल," ती म्हणाली. "भाकरी दुधात भिजाया टाकून आलीया. तुज्या तोंडात दात न्हाईत ह्येबी दगडाबाईनं सांगितलं."

डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, दोन्ही काखांत वळकट्या होत्या. तसाच चालत राहिलो.

दारात आबासाहेब उभे होते. थकले होते, पण पाठ तशीच सरळ. गिरणी सोडून दोन वर्षं झाली तरी कमरेला घड्याळाची साखळी होती. आक्का त्यांच्या बाजूनं आत गेली. मी उंबऱ्याशी थांबलो. सात वर्षांपूर्वीचे माझे शब्द मला ऐकू येत होते, आणि मला वाटतं, त्यांनाही येत असावेत.

त्यांनी घड्याळ काढलं, बघितलं, आणि गिरणीच्या फाटकात रोज सकाळी पुकारायचे त्या आवाजात पुकारलं, "रावजी मास्तर!"

पस्तीस वर्षं मी हजेरी घेतली. कुणी माझी घेतली नव्हती. मी उंबरा ओलांडून उजवा पाय आत ठेवला आणि दात नसलेल्या तोंडानं, जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हणालो, "हजर."